राजाच्या ताटात वाळू

एकदा काय झालं, एका राजाला तिसऱ्यांच्या साराची चटक लागली. तिसऱ्या ठाऊक आहेत ना? ओहोटीच्या वाळूत पुरून बसतात, दोन शिंपल्यांची डबी घट्ट मिटून. बोटांनी उकरायच्या आणि टोपलीत टाकायच्या. किनारा सगळ्यांचा होता. कुणीही यावं, घरापुरत्या न्याव्यात. रीत एकच होती, बरं का. पहिली मूठ पाण्यात परत सोडायची आणि म्हणायचं, "तुझं तुला, उरलं मला."

त्या गावात आवडा नावाची बाई राहायची. तिचा नवरा होडी घेऊन समुद्रात गेला, तो आलाच नाही. घरी आता ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. मुलगा गेल्यापासून म्हातारीने भात सोडला, बोलणंही सोडलं. दिवसातून एकदा वाटीभर तिसऱ्यांचं सार तेवढं तिच्या घशाखाली उतरायचं. त्यावरच ती जगली होती. म्हणून आवडा रोज किनाऱ्यावर जायची. पहिली मूठ सोडताना "तुझं तुला" म्हणून जरा थांबायची. मग पुढचं म्हणायची.

एके सकाळी ती गेली, तर किनाऱ्यावर भालेवाले शिपाई.

"ए बाई, कुठे?"

"तिसऱ्यांना."

"तिसऱ्या आता महाराजांच्या."

"अगबाई! महाराजांनी त्या कधी पेरल्या?"

शिपाई चिडला. त्याने टोपली हिसकली आणि लाथेने उडवली. आता तुम्हीच सांगा, समुद्राने पोसलेलं ते राजाचं कसं झालं? त्याच्या तळव्यांना कधी वाळू तरी लागली होती का?

आवडा रिकाम्या हातांनी घरी आली. म्हातारीने वाटी पाहिली. वाटीत नुसतं गरम पाणी. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आवडा खडकांपलीकडून गेली. तिथे तर कुंपण! आत राजाचे चाकर फावड्यांनी वाळू उपसत होते. मोठ्या उचलत होते, नखाएवढी पिल्लंही उचलत होते. गाडीवर गाडी भरत होती.

"अरे, निदान पहिली मूठ तरी सोडा!" आवडा ओरडली.

चाकर हसले. "राजा घेतो, बाई. परत नाही देत."

म्हातारी त्याही दिवशी उपाशी राहिली.

तिसऱ्या दिवशी गावात दवंडी आली. राजवाड्यात आक्रीत घडलं होतं! पहिल्या दिवशी सार खाताना राजाच्या दाताखाली कचकन वाळू आली. आचाऱ्याने सात पाण्यांनी तिसऱ्या धुतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंडं उघडली आणि वाळू थुंकायला लागल्या. थुंकतायत, थुंकतायत, थांबायचं नावच नाही! पातेली भरली, चुली बुजल्या, जिने बुजले. जो कुणी हे थांबवेल, त्याला मागेल ते मिळेल, असं दवंडीवाला सांगत होता.

आवडा तरातरा निघाली. वाड्याचा दरवाजा वाळूत गाडला गेला होता. मग ती खिडकीतून आत शिरली. राजा सिंहासनावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

"बाई, थांबव हे! काय हवं ते माग."

"मागायचं काय? माझं होतं तेच तुम्ही नेलंत," आवडा म्हणाली. "तुमच्या दाताखाली वाळू आली, तर गावोगाव दवंडी पिटलीत. माझी म्हातारी तीन दिवस उपाशी आहे, महाराज. तिची दवंडी कुणी पिटायची?"

"मग मी काय करू?" राजाने विचारलं.

"जोडे काढा. कुंपण स्वतःच्या हातांनी उपटा. मग पहिली मूठ पाण्यात सोडा."

"मूठ प्रधान सोडेल."

"खाताना प्रधान खातो का?"

मग काय! राजा अनवाणी निघाला. एकेक खुंट उपटताना तळहाताला फोड आले. मग गुडघाभर पाण्यात उभं राहून त्याने मूठ उघडली आणि पुटपुटला, "तुझं तुला, उरलं मला."

"मोठ्याने," आवडा म्हणाली. "समुद्राला ऐकू आलं पाहिजे."

राजाने मोठ्याने म्हटलं. तशी वाड्यातली वाळू सळसळत निघाली, जिन्यावरून, अंगणातून, थेट किनाऱ्यावर. तिच्याबरोबर तिसऱ्या आल्या, पिल्लंही आली, आणि सगळी आपापल्या जागी पुरून बसली.

आवडा सगळ्या गावाबरोबर वाळूत बसली. पहिली मूठ सोडली. "तुझं तुला," म्हणाली आणि जरा थांबली. मग म्हणाली, "उरलं मला."

घरी जाऊन तिने घाईघाईने सार केलं आणि वाटी म्हातारीच्या ओठाला लावली. म्हातारीने एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग सुनेकडे बघून, कितीतरी दिवसांनी, बोलली,

"आवडे, मीठ विसरलीस गं."

आवडा हसली आणि डोळे पुसत मीठ आणायला उठली. त्यानंतर त्या दोघी सुखात राहिल्या, गाव पोटभर जेवलं. राजाही यायचा, अनवाणी, घरापुरत्या न्यायला.

तिकडे वाळूत तिसऱ्यांनी डब्या मिटल्या, बरं का. तुम्हीही मिटा बघू डोळे.