हिरडेमाळची थुंकराई

निनाईच्या देवळामागे ही जी काटेरी झाडं दिसताहेत, त्यांना आमच्या हिरडेमाळात थुंकराई म्हणतात. नाव ऐकून हसू आलं तर खुशाल हसा, सगळेच हसतात. पण आत शिरण्याआधी चपला काढा. नावाला थुंकी लागली असली तरी जागा मानाची आहे. बुंध्याला हात लावू नका, अंगभर काटे असलेलं झाड आहे ते. वर बघा, ते हिरवे घोस. ते तिरफळ. खाली कोकणात ही झाडं पैशाला पासरी, पण इथं घाटमाथ्यावर शेजारच्या चार गावांत शोधलंत तरी एक सापडायचं नाही. मग आमच्याच गावात एवढी कशी आली, असं येणारा प्रत्येक जण विचारतो.

खरं तर हे सांगायचा मान गावातल्या बायकांचा. पण त्या आत्ता तुमच्या जेवणाच्या मागे आहेत, आणि मी देवळाचा गुरव, तेव्हा ते माझ्यावर आलं. बायका सांगतात तेव्हा या गोष्टीतले पुरुष जरा जास्तच मूर्ख निघतात. मी थोडं सांभाळून घेईन म्हणतो.

तुमच्याही घरी स्वयंपाकघरात एक मागची फळी असेल. रोज हाताला लागतं ते पुढे, आणि कुणीतरी कौतुकानं दिलेलं, एकदा वापरलेलं किंवा कधीच न वापरलेलं, ते मागे. नागकेशराची पुडी असते, दगडफूल असतं, कसल्या तरी बिया असतात. टाकून देववत नाही, आणि आमटीत घालायचा धीरही होत नाही. आमच्या गावाची गोष्ट त्या फळीवरनं सुरू होते.

फार मागे, गाडीरस्ता नव्हता तेव्हा, कोकणात उतरायचं ते समोरच्या कोंडनाळेतून, त्या उभ्या डोंगरघळीतून, दगड धरत धरत. मीठ त्याच वाटेनं वर यायचं आणि नाचणी, घोंगड्या खाली जायच्या. वरचे खालच्यांना पेजखाऊ म्हणायचे, खालचे वरच्यांना घाटी म्हणायचे, आणि एकमेकांवाचून दोघांचंही अडायचं. सोयरीक मात्र सहसा होत नसे. पण तानूबाई नावाची एक विधवा इथं राहायची, तिचा एकुलता एक मुलगा भिवा मिठाच्या फेऱ्या करायचा, आणि त्या फेऱ्यांतच म्हणे त्याचं खालच्या गावातल्या शेवंतीशी जुळलं. तानूबाईनं कुरकुरत का होईना होकार दिला. आपण आत्ता उभे आहोत ना, ते तिचंच अंगण.

शेवंती नाळ चढून आली तेव्हा तिच्या आईनं लुगड्याच्या पदरात एक पुरचुंडी बांधून दिली होती. तानूबाईनं ती सोडून बघितली. काळपट, वाळकी, उकललेली फळं. वास असा, की नाकात शिरल्यावर निघता निघेना.

"ह्ये काय गं?"

"तिरफळां. डाळीत घालतात."

"आमच्यात न्हाय घालत," असं म्हणून तानूबाईनं पुरचुंडी मागच्या फळीवर ठेवून दिली. तानूबाई वाईट नव्हती. पण चूल म्हणजे तिचं राज्य, आणि त्या राज्यात दुसऱ्याचा हात चालत नसे. शेवंतीनं दळावं, पाणी आणावं, भांडी घासावीत. पळी तिच्या हाती कधी आलीच नाही. सगळे झोपायच्या तयारीत असले की ती फळीजवळ जाऊन त्या पुरचुंडीचा वास घ्यायची, असं सांगतात. हे कुणी पाहिलं म्हणाल तर मला माहीत नाही. पण माहेर लांब असलेल्या बाईला विचारा, ती हे खोटं म्हणणार नाही.

पुढे वैशाख आला. पावसाआधी घर शाकारायचं होतं. तेव्हा गावकी अशी, की एकाचं छप्पर असलं की दहा जण यायचे आणि घरधन्यानं त्यांना जेवू घालायचं. तानूबाई अंगणात गवताच्या पेंढ्या वर द्यायला उभी राहिली, तिला हलता येईना. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा चूल शेवंतीकडे आली.

आता तिच्या मनात काय आलं असेल ते तुम्हीच समजा. एक दिवस मिळाला होता. तिनं भात केला, भाकऱ्या केल्या, तुरीची डाळ शिजत घातली, आणि फळीवरची पुरचुंडी काढून त्यातली मूठभर तिरफळं जराशी ठेचून डाळीत टाकली. वास अंगणापर्यंत आला. छपरावरची माणसं म्हणाली, आज काहीतरी निराळं दिसतंय बुवा.

तिरफळ चावायचं नसतं. त्याचा स्वाद डाळीत उतरतो आणि फळ ताटाच्या कडेला काढून ठेवायचं असतं. कोकणातलं शेंबडं पोरही हे जाणतं. म्हणून ते सांगावं लागेल हे शेवंतीच्या ध्यानातच आलं नाही. आणि ध्यानात आलं तेव्हा पंगत बसली होती. मोठ्यांसमोर नव्या सुनेनं तोंड उघडायचं नाही, ही आमच्या गावची तेव्हाची रीत. ती दाराआडून हातवारे करत राहिली, पण तिच्याकडे कोण बघतो. भुकेल्या माणसाला ताटापलीकडचं दिसत नाही.

गावचा कारभारी सटवाजी. त्याच्या दाताखाली पहिलं तिरफळ आलं. त्यानं ते चांगलं कडकडून चावलं. आधी जिभेला मुंग्या आल्या, मग ओठांना, मग अख्खं तोंड बधिर झालं.

"आरं, जीभ मेली माजी!" असं तो ओरडला म्हणे, पण ऐकणाऱ्यांना तेही नीट कळलं नाही. तोवर बाकीच्यांच्या तोंडातही तेच झालं होतं. कुणी ताट लाथाडलं, कुणी आडवा झाला, आणि सगळे उठून इथं, या अंगणात, थू थू करत थुंकत सुटले. इख घातलं, इख घातलं, असा एकच कालवा झाला.

"चावाचा नाय ता," शेवंती आता रीतभात सोडून ओरडत होती, "कडंला काडून ठेवाचा!" पण तिची बोली निराळी, आणि भ्यालेल्या माणसाला आपल्या बोलीतलंही उमजत नाही.

पंच त्याच पंगतीत होते, ते तिथल्या तिथे बसले. न्याय द्यायला थोडा वेळ लागला, कारण पंचांना बोलता येत नव्हतं. जिभा ताळ्यावर आल्यावर तरी शहाणपण यावं की नाही? जीभ आपोआप सुधारली म्हणजे विष नव्हतं, एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. सटवाजी म्हणाला, दिवस मावळायच्या आत पोरीला नाळेच्या तोंडाशी नेऊन सोडा, आणि पुन्हा खालची सून या गावात नको. तेव्हाच्या काळात असं परत पाठवलेल्या पोरीला माहेरीसुद्धा मान वर करून जगता यायचं नाही. शेवंती उंबऱ्यावर बसून रडत होती. भिवा काय करत होता म्हणाल, तर भिवा उभा होता. बायका सांगतात तेव्हा या जागी भिवाबद्दल बरंच बोलतात, ते मी गाळतो.

आणि तानूबाई? खोटं कशाला सांगू, ती आधी पंचांच्याच बाजूची होती. माझ्या घरी, माझ्या दारात गावाची अशी शोभा झाली, म्हणून तिचा नुसता संताप झाला होता. तुझं तुझ्याकडं घेऊन जा म्हणत उरलेली पुरचुंडी आणायला ती तरातरा आत गेली. फळीच्या मागच्या अंगाला हात घातला. हाताला पुरचुंडी लागायच्या ऐवजी एक लहानसं मडकं लागलं, तोंडाला फडकं बांधलेलं.

ते तिचं स्वतःचं होतं. तानूबाईही या गावची नव्हे. ती उगवतीकडच्या कोरड्या मुलखातून आलेली. तिच्या आईनं बांधावरच्या बोरीची बोरं वाळवून त्या मडक्यात भरून दिली होती, आमटीत घालायला. तिच्या सासूनं ते पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, आमच्यात न्हाय घालत. ते मडकं तेव्हापासून फळीवर होतं. सासू वारली, नवरा गेला, चूल पुरती तिची झाली, तरी मडक्याचं तोंड तिनं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. बोरांना कीड लागून पार भुगा झाला होता. तळाशी तेवढ्या बिया राहिल्या होत्या.

मग ती बाहेर आली ती एका हातात मडकं आणि दुसऱ्या हातात डाळीचं पातेलं घेऊन. पंचांसमोर तिनं मडकं उपडं केलं.

"ह्ये बगा. माज्या आयनं दिल्याली बोरं. कुनी इचारलं न्हाय, मी बी बोलले न्हाय. आता खावी म्हनलं तर ह्यो भुगा. हिच्या आयच्या जिनसाचा मी भुगा हू देनार न्हाय."

सटवाजी म्हणाला, "तानूबाय, इख हाय त्ये."

"सून माजी, चूल माजी, मंग इख आसंल तर त्ये बी माजंच," असं म्हणून तिनं निनाईकडे तोंड केलं आणि बोलली, आई, ह्यातून मी जगले वाचले तर या गावात येणाऱ्या सुनेला तिच्या आईनं काय दिलं ते सासू दारातच विचारील, आणि शिजवून पहिला घास आपण खाईल. मग ती सगळ्या गावासमोर मांडी घालून बसली आणि पातेल्यातली डाळ भातावर ओतून जेवू लागली. शेवंती धावत आली. यावेळी तिला कुणी गप्प बसवलं नाही. तिनं सासूच्या शेजारी बसून एक एक तिरफळ ताटातून वेचून कडेला ठेवलं. गाव बघत राहिलं. उन्हं कलली. तानूबाईनं ताट पुसून खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, "अजून हाय का गं?"

दिवस मावळला, पण नाळेकडे कुणी गेलं नाही. सटवाजीनंच आधी पाणी मागितलं आणि मग, इकडेतिकडे बघत, थोडी डाळ.

पावसाळा लागला आणि या अंगणात, जिथं जिथं ती माणसं थुंकली होती, तिथं काटेरी रोपं वर आली. शिजलेलं बी कधी उगवतं का, असं तुम्ही म्हणाल. नाही उगवत, आम्हीही शेतकरीच आहोत. पण निनाईला नवस पोचल्याची खूण द्यायची होती, आणि तिनं ती पंचांच्या थुंकीतून दिली, अशी आमची श्रद्धा आहे. माझं म्हणाल तर देवीला विनोदही कळतो.

त्या वर्षीचं पीक हाती आल्यावर शेवंतीनं नवऱ्याला उगवतीकडे पिटाळलं. मिठाच्या फेऱ्या करणारा तो, वाटा त्याला ठाऊक. तानूबाईच्या माहेरी तिच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं, पण बांधावरची बोर होती. थंडी सरताना बोरं पिकली. भिवा तिथंच थांबला, बोरं वाळेपर्यंत लोकांची कामं करत राहिला, आणि मडकं भरून आणलं. बायकासुद्धा इथं भिवाला चांगलं म्हणतात. शेवंतीनं आमटी केली. ती कशी करायची हे तिला कुठं ठाऊक, तिनं सासूलाच विचारलं, आणि तानूबाई चुलीपासून लांब बसून, पळीला हात न लावता, सांगत गेली. पहिला घास तोंडात घातला आणि ती मोठमोठ्यानं रडली. सगळं गाव जिला कडक म्हणायचं ती बाई आईला हाका मारत रडली, आणि मग पोटभर जेवली.

आजही आमच्याकडे नवरी दारात आली की सासू आधी विचारते, काय आणलंस? कुणी कारळे आणते, कुणी आंबट फळांची वाळवलेली वटसोलं. आमच्या सुनेनं शहरातून ओरेगॅनोच्या पुड्या आणल्या. आमच्या कारभारणीनं त्या पिठल्यात घातल्या, पहिला घास खाल्ला आणि निकाल दिला, ओव्याचा भाऊ आहे. हसू नका, तुमच्या जेवणात आज तेच पिठलं आहे.

आणि वर्षभरात सून सासूला उलट विचारते, तुमचं काय होतं? मग ते कुठंही असलं तरी आणून द्यायचं. आमच्या हिचं माहेर दूर उत्तरेला, डोंगरात. तिच्या आईनं मोहाची वाळकी फुलं दिली होती. दारू नव्हे हो, नाचणीच्या पिठात शिजवून गोड करतात. माझ्या आईनं रीतीप्रमाणे पहिला घास खाल्ला होता, पण ती फुलं संपली ती संपलीच. परवा सून गेली आहे ती आणायला, आज येते म्हणाली. सकाळपासून ही कितीदा दारात येऊन रस्ता बघून गेली. विचारलं तर सांगते, पाहुणे राईतून परतले का ते बघत होते.

चला, पानं वाढली असतील. तुम्ही बसा जेवायला, मीही बसतो. हिला मात्र आग्रह करू नका. सुनेची गाडी येईपर्यंत ती घास घ्यायची नाही. पोट राखून ठेवलंय तिनं.