बोलणी खाऊन बांधलेला बांध

आमच्या राज्यात तळं एकच, आणि त्याचा बांध मी एकट्यानं बांधला. बरं, एकट्यानं नाही. निम्मा. तेही माझ्या अंगात काही कला होती म्हणून नव्हे. सगळ्या राज्यात जास्तीत जास्त बोलणी मी खाल्ली म्हणून.

रीतच तशी होती. दर आठवड्याला सकाळी जांभळीखाली सभा भरे. ज्याला ज्याचा राग आला असेल त्यानं तो तिथं, सगळ्यांदेखत, तोंडावर काढायचा. ज्यानं बोलणी खाल्ली त्यानं उठून ओढ्यातला एक दगड उचलायचा आणि बांधावर नेऊन ठेवायचा. दगड ठेवला की भांडण संपलं. पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. बांध वाढवायचा असं कुणी कधी ठरवलं नव्हतं. पण तो वाढे, कारण आमच्यात चुका करणारे पुष्कळ होते आणि बोलणारे त्याहून पुष्कळ.

मी माकड. गवेअण्णा दुपारचे झोपले की त्यांच्या शिंगांत वेल गुंतवायची, मुंगसाचं बीळ बाहेरून लिंपून टाकायचं, असली कामं माझ्याकडे होती. माझ्यावर तोंड सोडायचं काम सायाळआक्काकडे. ती बांधाच्या खालच्या अंगाला बिळात राही. बोलायला उठली की आधी तिचे पाठीवरचे काटे उभे राहत, मग शेपटीचे खडखडत, मग तोंड सुटे. एकदा म्हणाली, "मेल्या, देवानं तुझ्या डोक्यातलं काढलं आणि त्याचं शेपूट केलं." सभा पोट धरून हसली. इतक्या जबर बोलण्याला एक दगड पुरेना; त्या दिवशी मला तीन वाहावे लागले.

पुढं पाठ दुखायला लागली, तेव्हा मी नदी ओलांडून पलीकडे गेलो. खोटं कशाला सांगू, शिकायला नव्हे, दगड चुकवायला. तिथं एका पत्र्याच्या खोलीत माणसं इंग्रजी शिकत होती. सभेत काय म्हणावं, येताजाता भेटणाऱ्याला काय म्हणावं, अशी तयार वाक्यं मास्तर म्हणून दाखवत आणि माणसं मागून म्हणत. मी खिडकीवर बसे. मास्तर खिडकी लावत तेवढा माझा अभ्यास बुडे. असं निम्मं शिक्षण झालं आणि अकरा वाक्यं घेऊन मी परत आलो.

पहिल्याच सभेत आक्का माझ्यावर सुटली. तिचं होईपर्यंत मी छातीवर हात ठेवून उभा राहिलो आणि मग म्हणालो, "थँक यू फॉर युवर फीडबॅक."

गवेअण्णा सभेचे मुख्य. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितलं, आपण बोललात ते माझ्या दृष्टीनं फार मोलाचं आहे, असा अर्थ. अण्णांनी बराच वेळ रवंथ केला आणि निवाडा दिला: जे मोलाचं आहे ती बोलणी नव्हेत, आणि बोलणी नाहीत तर दगडही नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या फांदीखाली रांग. मुंगूस बोरं घेऊन आलं, रानडुक्कर कंद घेऊन आलं. खुद्द अण्णा आले, पण आपण सहज इकडून चाललो होतो असं दाखवत. मी एकेकाला वाक्य दिलं. "आय अंडरस्टँड युवर कन्सर्न" हे आज काही करायचं नसलं की म्हणायचं. "लेट्स टेक इट अप लेटर" हे कधीच काही करायचं नसलं की. आणि दारात नको असलेलं कुणी आलं, तर हसून "सो नाइस ऑफ यू टु ड्रॉप बाय" म्हणायचं. पाहुणा खुशीत परत फिरतो. आपल्या तोंडावर दार लागलं हे त्याला घरी गेल्यावर कळतं. आक्का लांब बसून मुळं कुरतडत हे सगळं ऐके. वाक्य मागायला मात्र ती आली नाही.

सभा फार देखण्या झाल्या. कुणी कुणाला टाकून बोलेना. अण्णांनी आक्काला सभेत काटे खाली ठेवून बसायची विनंती केली, तीही इंग्रजीत. ओढ्यातले दगड ओढ्यात राहिले; त्यांच्यावर शेवाळ धरलं.

मग एका सकाळी आक्का सभेला उशिरा आली. पाय चिखलानं भरलेले. बिळाची मागची भिंत ओली झाली होती, बांधाला हात लावला तर माती सुटून येत होती, आणि आत दोन पिल्लं होती, नुकती जन्मलेली. तिनं हे सांगितलं, तेही काटे खाली ठेवून. रानडुकरानं तिची काळजी समजत असल्याचं सांगितलं. मुंगसानं मोलाच्या माहितीबद्दल आभार मानले. अण्णांनी मान हलवली. ती होकाराची किंवा नकाराची, कशीही धरता आली असती.

मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

"माकडा, तू तरी चल. चार दगड."

मेल्या म्हणाली असती तर मी उठलो असतो. निदान आज मला तसं वाटतं. पण सगळी सभा आपल्या गुरुजींकडं बघत होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "लेट्स टेक इट अप लेटर." उच्चाराचं फार कौतुक झालं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बांध गेला. पिल्लं वाचली, तिनं एकेकाला मानेला धरून वर काढलं, आणि आम्ही काठावर उभे राहून योग्य ती वाक्यं म्हटली. बीळ राहिलं नाही. तळंही राहिलं नाही. आक्का पिल्लांना घेऊन पलीकडच्या खडकाळ टेकडीवर गेली.

पाणी ओसरल्यावर मी त्या चिखलात फिरलो. दगड इथं तिथं पडले होते, आणि गंमत म्हणजे माझे मला ओळखू येत होते. हा वेलीचा. हा लिंपलेल्या बिळाचा. हा ठेवून आलो तेव्हा मुंगसानं मला अर्धं अंडं दिलं होतं. आणि हे तिघे शेजारी शेजारी, शेपटाचे. किती हसलो होतो त्या दिवशी, मी सगळ्यांत जास्त.

त्या तिघांतला मोठा उचलला आणि टेकडी चढलो. आता पाठ खरंच म्हातारी झाली आहे. चार ठिकाणी बसलो. वाटेत सगळी तयारी केली. ती काय काय म्हणेल, कुठून सुरुवात करेल, मी कुठं मान खाली घालीन. कानात खडखडाट आधीच वाजायला लागला होता.

आक्का नव्या बिळाच्या तोंडाशी बसली होती. पिल्लं तिच्या मागं. मी दगड तिच्या पुढ्यात ठेवला.

"आक्का, आलोय. बोल."

तिनं दगडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. पाठीवरचा एकही काटा हलला नाही. विंचरून ठेवल्यासारखे सगळे गुळगुळीत, खाली. मग ती छान हसली.

"सो नाइस ऑफ यू टु ड्रॉप बाय."