राजाच्या छातीला टेकलेले वज्र

पूर्वी तगरपूर नगरात चंडवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ओताऱ्याच्या कुळात जन्मला होता. पूजेत हाती धरायची, दोन्ही टोकांना पाती असलेली वज्रे आणि घंटा तो आधी मेणात घडवी, मग काशात ओती. शांतिविधीच्या वज्राची पाती टोकाला मिटलेली असतात, मारणविधीच्या वज्राची उघडी. उघडे वज्र आपल्या हातून ओतायचे नाही, हा त्याचा निश्चय होता.

राजा हलक्या कानाचा. विरूप नावाच्या मांत्रिकाने त्याचे कान भरले, "महाराज, धाकटे बंधू सुबाहू म्हणजे अस्तनीतला निखारा! मारणविधी करू."

झाले! राजा विरूपाला घेऊन थेट ओतशाळेत आला. बोधिसत्त्वाच्या हातात मेणाचे वज्र होते, पाती अजून मिटवायची होती.

"हे सुबाहूसाठी आहे, असंच ओत," राजा गरजला, "नाहीतर तुझा हात या तापल्या मुशीत बुडवीन."

बोधिसत्त्वाची बायको चारुमती कळवळली. "अहो, ऐका ना त्यांचं! हात गेला तर लेकरं खातील काय?"

तिचे काय चुकले? तरी बोधिसत्त्वाने बाही सारून हात पुढे केला.

"भीती वाटते, महाराज. पण ओतणार नाही. हात घ्या. त्याआधी हे एकदा विधीप्रमाणे धरून बघा."

वज्र उगारण्याआधी ते छातीला टेकवून शत्रूचे नाव घ्यायचे, अशी रीत होती. राजाने वज्र मधोमध धरून छातीला लावले. उघडी टोके त्यालाच टोचली.

"भावाकडे जितकी पाती, तितकीच तुमच्याकडे," बोधिसत्त्व म्हणाला. "वज्राची दोन्ही टोकं सारखीच असतात. आता नाव घ्या."

"सुबाहू..." राजाचा आवाज चिरकला. लहानपणी याच नावाने तो धाकट्याला जेवायला हाका मारीत असे. त्याला रडू आवरेना.

"राजन्, मुहूर्त टळतोय!" विरूप ओरडला.

"टळू दे," राजा म्हणाला. मग खाली बसून त्याने स्वतःच्या अंगठ्याने एकेक पाते मिटवले, आणि बोधिसत्त्वाने ते वज्र तसेच ओतले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, मागच्या रांगेकडे पाहिले. "भिक्खूंनो, सख्ख्या भावाशी अबोला धरून इथे बसलेला सुमेध, तोच तेव्हाचा राजा होता. त्याचा भाऊ नंदिय हा सुबाहू. चाडी सांगणारा कोकलिक तो विरूप, भिक्खुणींतली ज्येष्ठ थेरी सोमदत्ता ती चारुमती, आणि ओतारी मीच होतो."

सुमेध उठला आणि भावाशेजारी जाऊन बसला. हात पुढे करूनही जो ढळत नाही, त्याच्या निश्चयाच्या त्या परिपूर्ण बळाला अधिष्ठान पारमिता म्हणतात.