घाट उतरून गेलेला व्यापारी

आगबोटी नव्या होत्या आणि गोऱ्या सायबाचं राज्य जुनं व्हायला लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. कोकणात एक बंदर होतं. तिथं खाडीच्या तोंडाशी गलबतं नांगरून पडायची, पलीकडे खोल पाण्यात आगबोट थांबायची, आणि किनाऱ्यावर सुपारी, नारळ, सुकी मासळी आणि मंगळुरी कौलं यांचे ढीग लागायचे.

एकदा घाटमाथ्यावरून एक तरुण व्यापारी बैलांच्या तांड्याबरोबर या बंदरात उतरला. नरहरशेट त्याचं नाव. त्याच्या गोण्यांमध्ये हिरडा होता. घाटावरच्या रानात हिरड्याला कोणी विचारत नसे, पण विलायतेत त्यानं कातडी कमावत, म्हणून बंदरात त्याला फार मागणी होती. नरहरशेटचा माल उतरायच्या आधीच विकला गेला.

घरी त्याची म्हातारी आई होती, बायको सगुणा होती आणि रांगणारी एक मुलगी होती, ठकी. निघताना तो सगुणेला म्हणाला होता, "पावसाळ्याआधी परत येतो."

बंदरात तो भिकूताईंच्या खानावळीत उतरला. भिकूताई विधवा बाई, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. खाली पडवीत जेवणाच्या पंगती बसत आणि माडीवर परगावच्या व्यापाऱ्यांसाठी खोल्या होत्या. केळीच्या पानावर ऊनऊन भात, कुळथाची पिठी आणि सोलकढी. नरहरशेट पोटभर जेवायचा, पण हात धुताना म्हणायचा, "ताई, सगळं झकास. फक्त ज्वारीची भाकरी असती तर!"

भिकूताईंनी जन्मात ज्वारीची भाकरी केली नव्हती. एक दिवस त्यांनी तांडेवाल्यांकडून पीठ मागून घेतलं आणि थापायला बसल्या. भाकरी तव्यावर टाकताना तिचे तीन तुकडे झाले. नरहरशेटनं ते तुकडे ताटात घेतले. पहिला घास तोंडात घातला आणि तो घाटाच्या दिशेला बघत राहिला.

"बिघडली ना?" भिकूताईंनी विचारलं.

"नाही. आमच्याकडे या वेळी सगुणा चुलीपाशी बसलेली असते," तो म्हणाला. "आई शेजारी बसून ठकीला भरवत असते."

"मग इथं काय करता? जा की घरी!"

"जाणार तर आहेच. एवढा हंगाम संपू दे."

पण हंगामाची गंमत अशी होती, की घाट मोकळा असायचा तेव्हाच बंदरात व्यापार जोरात चालायचा. पावसाळ्यात व्यापार थांबायचा, तेव्हा घाटही बंद व्हायचा. दरडी कोसळत, ओढे वाट खाऊन टाकत. त्यामुळे जायला सवड असली की वाट नसायची, आणि वाट असली की सवड नसायची. पहिलं वर्ष असंच गेलं. दुसरंही गेलं.

तिसऱ्या वर्षी चैत्रात मात्र नरहरशेटनं मनाशी पक्कं केलं. सगुणेसाठी इरकली लुगडं घेतलं, ठकीसाठी लाकडी बाहुली घेतली, आईसाठी उबदार धाबळी घेतली. तांड्याचा मुखिया सटवा सकाळी बैल घेऊन खानावळीच्या दारात आला. सामान बैलावर चढलं. भिकूताईंनी वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. नरहरशेट पाय उचलणार, तेवढ्यात वखारीचा शिपाई धावत आला.

"शेट, मोठ्या सायबानं बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

मोठा सायब म्हणजे हिरडा विलायतेला पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस. तो दुभाष्यामार्फत म्हणाला, "यापुढे आम्ही साऱ्या बंदरातला हिरडा एकाच व्यापाऱ्याकडून घेणार. तुझा माल चोख असतो. पण आमचा माणूस इथं हजर पाहिजे. आज जाणार असशील तर आम्ही दुसरा बघू."

नरहरशेट परत आला. सटवा बैलाची दोरी धरून उभा होता.

"चला शेट. ऊन चढायच्या आत पायथा गाठू."

भिकूताई नरहरशेटच्या तोंडाकडे पाहून समजल्या. त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "शेट, मी खानावळ चालवत्ये. इथं माणूस राहिला तर माझाच फायदा आहे. तरी सांगत्ये, आज जा. सायबाला व्यापारी दुसरा मिळेल. त्या माउलीला नवरा दुसरा कुठला मिळायचा?"

"ताई, मी त्यांच्यासाठीच तर थांबतोय. रिकाम्या हातानं जाऊन काय उपयोग? एवढं एक वर्ष."

आणि त्यानं आपलं बोचकं बैलावरून उतरवलं. लुगडं, बाहुली आणि धाबळी सटव्याच्या हाती दिली. वर आगबोटीतून आलेला एक सुरेख विलायती आरसा घेऊन दिला. तसला आरसा त्यांच्या पंचक्रोशीत कोणाकडे नव्हता.

"वैनींना काय सांगू?" सटव्यानं विचारलं.

"सांग, पुढल्या खेपेला नक्की येतो."

तांडा निघून गेला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत नरहरशेट रस्त्यात उभा होता.

पुढच्या हंगामात सटवा परत आला तेव्हा नरहरशेटनं त्याला धान्याच्या गोणीवर बसवलं आणि घरचं एकेक विचारलं. आईचे गुडघे दुखतात का, ठकी केवढी झाली, म्हैस व्याली का. शेवटी हळूच विचारलं, "आरसा आवडला?"

सटवा जरा घुटमळला. मग म्हणाला, "वैनी म्हणाल्या, आरसा पोचला म्हणून सांगा. म्हणाल्या, त्यात मी दिसते, ठकी दिसते, सासूबाई दिसतात. ज्यांना बघायचंय ते तेवढे दिसत नाहीत."

नरहरशेट त्या दिवशी जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी आगबोट आली, आणि तो वखारीत गेला.

दिवस भरभर पालटले. नरहरशेट बंदरातला मोठा माणूस झाला. सायबांचं एक हॉटेल टेकडीवर होतं, तिथं देशी माणसाला पायरी चढू देत नसत. नरहरशेटनं धक्क्याच्या अगदी समोर देशी व्यापाऱ्यांसाठी हॉटेल बांधलं. दुमजली, सागवानी जिन्याचं. कच्छी, मंगळुरी, खोजे, सारे तिथं उतरू लागले. माडीवरची कोपऱ्यातली हवेशीर खोली मात्र त्यानं कोणाला कधी दिली नाही. तिथं मच्छरदाणीचा पलंग होता आणि एक छोटा पाळणावजा झोपाळा होता. ती सगुणेची आणि ठकीची खोली.

त्यानं निरोप धाडला, "तुम्हीच सगळ्या इकडे या."

सगुणेचा निरोप आला, "सासूबाईंना आता अंगणात उतरवत नाही, त्या घाट कशा उतरतील? आणि त्यांना टाकून मी कशी येऊ? त्या तुमच्या आई आहेत."

नरहरशेटनं पुन्हा बोलावणं धाडलं नाही.

त्याला एक सवय लागली होती. हॉटेलातला कोणी पाहुणा आपल्या गावी जायला निघाला की तो स्वतः त्याला धक्क्यापर्यंत पोचवायला जाई. वाटेत विचारी, "घरी कोण कोण आहे? तुम्ही येताय हे त्यांना ठाऊक आहे का? दार कोण उघडेल?" पाहुणा हसून सांगत राही आणि नरहरशेट कान देऊन ऐके. होडी आगबोटीला लागली तरी तो हात हलवत उभा असे. लोकांना वाटे, शेट किती अगत्याचा! एकट्या भिकूताईंना ठाऊक होतं, की तो दुसऱ्यांच्या पायांनी घरी जाऊन येतो.

एका वर्षी पावसाळा सरला, घाट खुला झाला आणि पहिल्याच तांड्याबरोबर बातमी आली. आई श्रावणातच गेली होती. जाताना तिनं, "नऱ्या आला का?" एवढंच विचारलं होतं.

नरहरशेटनं खाडीत आंघोळ केली, डोकं भादरलं, आणि भिकूताईंच्या पडवीत येऊन खांबाला टेकून बसला. भिकूताईंनी त्याच्यापुढं पाणी ठेवलं.

"आता तरी जा," त्या म्हणाल्या.

"आता कोणत्या तोंडानं जाऊ, ताई?"

"आहे त्याच तोंडानं जा. तिकडे त्या दोघीच उरल्यात."

पण नरहरशेट गेला नाही. आधी त्याला व्यापार सोडवत नव्हता, आता लाज सोडत नव्हती.

पुढे सायबानं दुसऱ्याच घाटातून आगगाडी काढली. माल बैलांवरून उतरायचा बंद झाला, तो गाडीनं परस्पर मुंबईला जाऊ लागला. खाडीत गाळ साचला. आगबोट आधी आठवड्यानं यायची, मग महिन्यानं, मग आलीच नाही. वखारीला कुलूप लागलं. सायबांच्या हॉटेलातल्या खुर्च्यांचा लिलाव झाला. नरहरशेटच्या हॉटेलातही कोणी उतरेना. वखारीतून बोलवायला कोणी नव्हतं, आणि अडवायलाही कोणी उरलं नव्हतं.

मग एके दिवशी नरहरशेट निघाला. भिकूताई वेशीपर्यंत पोचवायला आल्या. त्या आता काठी टेकत चालत.

"भाकरी आता कुठं मला जमायला लागली होती," त्या म्हणाल्या. "आता कुणासाठी थापू?" आणि पदरानं डोळे पुसत माघारी वळल्या.

नरहरशेट घाट चढला. जागोजाग बसत, दम खात चढला. गावात शिरला तेव्हा त्याला कोणी ओळखलं नाही. आपल्या घराचं दार मात्र त्यानं ओळखलं. दार एका तरुण मुलीनं उघडलं. डोळे थेट त्याच्या आईचे. मुलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि आत वळून म्हणाली,

"आई, कुणी पाहुणे आलेत."

सगुणा बाहेर आली. तिनं त्याला एका नजरेत ओळखलं. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, नवी घोंगडी अंथरली आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं ताट काढलं. शेजारीपाजारी आलेल्या माणसाला विचारतात तसं तिनं विचारलं, "किती दिवस मुक्काम?"

"मुक्कामाला नाही आलो, सगुणा. राहायला आलो."

तिनं वाढता वाढता विचारलं, "बंदर बंद झालं म्हणून आलात, की आठवण आली म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण नरहरशेट म्हणाला, "आठवण रोज यायची. निघायला मात्र बंदर बंद व्हावं लागलं."

सगुणेनं मान हलवली. "खरं बोललात, बरं वाटलं," ती म्हणाली. "जेवा."

नरहरशेट राहिला. गोठा झाडू लागला, पाणी भरू लागला. ठकी हळूहळू त्याला 'बाबा' म्हणू लागली, आणि बापावाचून अडलेलं तिचं लग्न पुढच्या माघात होऊन ती सासरी गेली. घरात दोघंच उरली. सगुणा त्याच्याशी चांगलं वागे, त्याला हवं नको बघे.

एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली. दिवस मावळायला लागला की सगुणा हातातलं काम टाकून ओट्यावर येऊन उभी राही आणि गावात येणाऱ्या वाटेकडे बघत राही. रोज. एकदा न राहवून त्यानं विचारलं,

"कुणाची वाट बघतेस? मी तर इथंच आहे."

सगुणा ओशाळून हसली.

"हो, तुम्ही आहात की. पण या वाटेनं एक तरणाताठा माणूस गेला होता. पावसाळ्याआधी येतो म्हणाला होता. इतकी वर्षं त्याची वाट बघितली, आता डोळे ऐकत नाहीत. जाईल सवय हळूहळू."

नरहरशेट तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्या वाटेनं कोणी येणार नाही, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. तरी अंधार पडेपर्यंत दोघंही वाटेकडे बघत राहिली.

या गोष्टीचं तात्पर्य लहानांनी ऐकावं आणि थोरांनी मनात ठेवावं: आपलं माणूस आपल्यासाठी थांबतं, पण त्याचे दिवस थांबत नाहीत. म्हणून वाट मोकळी असेल त्याच दिवशी घरी जावं.