शेवटचा आकडा

"...पण माझं शिकायचं राहिलंय तरी काय, उस्ताद?"

अभिराम कोटणीस सरांनी माळाच्या चढणीवर तिसऱ्यांदा हेच विचारलं. दस्तगीर उस्तादही तिसऱ्यांदा दगडावर टेकले होते. उत्तर द्यायला छातीत वारा नव्हता.

"पाणी द्या, शेठ."

मी बाटली पुढे केली. घोटभर प्यायले, बाकीचं मानेवर ओतलं.

उस्तादांच्या घरात चार पिढ्या दारूकाम. उरुसातली आतषबाजी, जत्रेतले औटाचे बार, सगळं त्यांच्याकडून जायचं. पुढे तो धंदा बसला. मग आमच्या गावात हौशी रॉकेटवाल्यांचं मंडळ निघालं, तेव्हा आम्ही त्यांना हात जोडून माळावर आणलं. पुठ्ठ्याचं हातभर रॉकेट, त्याच्या बुडाला बोटाएवढी मोटार, मोटारीत दाबून भरलेली काळी दारू. दारू म्हटली की आमच्याकडे उस्तादांचा शब्द शेवटचा.

उडवायच्या पेटीची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, काळ्या दोऱ्यात. ती पेटीला लावल्याशिवाय बटण दाबून उपयोग नाही. अकरा वर्षांत माळावर कुणाचं बोटसुद्धा भाजलेलं नाही.

आता त्यांना चढण झेपत नव्हती. "रविवारी किल्ली देऊन टाकतो आणि सुटतो, शेठ," असं त्यांनीच फोनवर सांगितलं होतं. किल्लीसाठी सरांशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी नव्हतंच. कोटणीस सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, आणि ती किल्ली त्यांना तीन वर्षं हवी होती.

"काहीही विचारा," सर म्हणाले. "अडलो तर परत जातो."

उस्तादांनी सरांच्याच डब्यातली एक मोटार उचलून त्यांच्या हातावर ठेवली.

"वाच."

"सी, सहा, पाच. सी म्हणजे एकूण ताकद. सहा म्हणजे जोर किती लावणार तो. पाच म्हणजे जोर संपल्यावर पाच सेकंदांनी हवाई छत्री बाहेर फेकणार. हे पोरांनाही पाठ आहे, उस्ताद."

पाठ असतं कुठलं! मोटारी मीच विकतो, मला विचारा. दुकानाच्या फळीवर 'मोटारी मिळतील' लिहिलं, तर पहिलं गिऱ्हाईक आलं ते विहीर किती परस खोल आहे ते सांगायला लागलं. जे खरे रॉकेटवाले येतात ते शेवटचा आकडा मोठा मागतात. सात म्हणजे पाचापेक्षा भारी, असा हिशेब. मग रॉकेट नाकावर जमिनीत घुसतं आणि छत्री मागाहून मातीत उघडते. एकानं तर शून्याची मागितली. मी म्हटलं, ती जोडरॉकेटात खालच्या मजल्याला लावतात. तर म्हणतो, "असू द्या, मला शुगर आहे."

उस्ताद हसले नाहीत. मोटारीवरच्या पाचावर त्यांनी अंगठा ठेवला.

"ह्या पाच सेकंदांत दारू काय करते?"

"काही नाही. सावकाश जळते, धूर सोडते."

"काम?"

"काम काहीच नाही."

"काहीच नाही..." उस्ताद गुडघ्यावर हात रोवून उठले. "आम्ही त्याला दम म्हणायचो."

आणि पुढचं खोकल्यात गेलं.

माळावर मंडळाची माणसं जमली होती. सरांचे प्राचार्य मुद्दाम आले होते, उन्हाची टोपी घालून. सरांनी रॉकेट दांडीवर चढवलं, मोटारीत वात घातली, तारा जोडल्या, पंधरा पावलं मागे आले. हात चोख. मला त्यात खोट काढता आली नसती.

उस्तादांनी गळ्यातला दोरा काढून सरांच्या हातात दिला.

"आजचा दिवस तुझा."

सरांनी किल्ली लावली. दिवा लागला. सगळ्यांनी मिळून उलटे आकडे मोजले. सरांनी बटण दाबलं.

फुस्स.

बारीकसा धूर निघाला. रॉकेट होतं तिथंच.

"काय झालं हो, सर?" प्राचार्य म्हणाले. "वर्गात तर उडतं तुमचं."

कुणीतरी हसलं.

सर पळाले. थेट दांडीपाशी. गुडघे टेकले, मोटारीखाली मान घातली, जुनी वात ओढून काढली, खिशातली नवी घातली.

किल्ली पेटीतच होती.

उस्ताद ओरडले नाहीत. चार पावलं टाकून पेटीपाशी गेले, किल्ली उपसली आणि मुठीत धरली.

उस्तादांना एक धाकटा भाऊ होता. एका जत्रेत औट वाजला नाही म्हणून तो बघायला गेला. उस्ताद एवढंच सांगतात. मी पुढचं कधी विचारलं नाही.

सर परत आले. कपाळावर घाम, पण चेहरा खुललेला.

"वात खाली सरकली होती. अर्ध्या मिनिटात काम फत्ते! किल्ली?"

"बस."

"उस्ताद, लोक थांबलेत..."

"बस."

सर बसले. मीही बसलो. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं, टोपी काढली, परत घातली. माळावर टिटवी ओरडत होती.

बऱ्याच वेळानं उस्तादांनी स्वतःच्या हातानं किल्ली लावली.

"दाब."

ह्या खेपेला ते गेलं. फर्रकन आवाज झाला आणि पुठ्ठ्याचं ते नळकांडं ठिपक्याएवढं झालं. मग आवाज बंद. नुसता पांढरा धूर वर वर जात राहिला. सगळ्यांच्या माना मागे, तोंडं उघडी. प्राचार्यांचंसुद्धा.

एक... दोन... तीन... चार...

पाचाला फट्कन छत्री उघडली. लाल, नव्या कोऱ्या कापडाची. टाळ्या पडल्या. सरांनी माझे दोन्ही हात धरून हलवले.

मग ते उस्तादांपुढे उभे राहिले आणि मान किंचित वाकवली. दोरा घालून घ्यायला.

उस्तादांनी किल्ली काढली. दोऱ्याला बसलेली गाठ नखानं सोडवली. आणि दोरा स्वतःच्या गळ्यात घातला.

मी खाली चढणीकडे पाहिलं. उस्तादांना पुढच्या रविवारी पुन्हा ती. त्याच्या पुढच्याही.

"उस्ताद..." सरांचा आवाज बारीक झाला. "मी पळालो, ते चुकलं. किल्ली पेटीत राहिली, तेही चुकलं. कबूल. पण वात सरकलीय हे मी बरोबर ओळखलं की नाही?"

"बरोबर ओळखलंस."

"नियम मिनिटभर थांबायचा आहे. मी तेवढं मिनिट वाचवलं, एवढंच."

"मिनिटभर थांबला असतास, तर त्या मिनिटात काय केलं असतंस?"

सरांनी विचार केला. खरंच केला. त्यांच्या तोंडावर दिसत होता.

"काही नाही," ते म्हणाले. "नुसता उभा राहिलो असतो."

उस्तादांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, सगळा भार दिला आणि उतरणीकडे पहिलं पाऊल टाकलं.

"तेवढ्याच कामाला माणूस पाहिजे होता, बाळा."