गुरुदक्षिणेची डिस्क

एकदा एका शिष्याने गुरुपौर्णिमेला आपल्या गुरूंना हार्ड डिस्क अर्पण केली. हसू नका. धोतरजोडी आणि श्रीफळ देऊन मोकळे होणाऱ्यांपेक्षा त्याचा भाव खरा होता.

गुरू वृद्ध सनईवादक होते. त्यांच्या बैठकीत एक जुना कॉम्प्युटर होता. ध्वनिमुद्रणाचे त्यांचे यंत्र त्या कॉम्प्युटरवरच चाले, नव्याला जोडले की मुके होई. म्हणून तो कधी बदलला नव्हता. त्यात सर्वांत आधी साठवली होती ती गुरूंच्या गुरूंनी वाजवलेली शेजारतीची धून. मूळ टेपला बुरशी लागली आणि ती केव्हाच टाकून द्यावी लागली. आता ती धून दोनच ठिकाणी उरली होती, या कॉम्प्युटरमध्ये आणि या वृद्धाच्या स्मरणात.

"हेरंबा, ती धून घे एकदा माझ्याकडून," गुरू अधूनमधून म्हणत.

"घेतो ना गुरुजी. कॉम्प्युटरमध्ये आहे ती, कुठे पळून जाते?" शिष्य म्हणे, आणि एखादा नवा राग मागे.

कॉम्प्युटरची जुनी डिस्क भरली, तेव्हा शिष्याने ही मोठी डिस्क आणून बसवली, जुने सारे तिच्यात उतरवले आणि जुनी डिस्क पुसून एका मित्राला देऊन टाकली. पडद्यावर ऐसपैस जागा दिसू लागली. गुरूंनाही कौतुक वाटले. मग काय, कार्यक्रम, तालमी, लग्नातले वादन, जे हाती लागेल ते शिष्यांनी त्यात ओतायला सुरुवात केली.

भाद्रपदात एके दिवशी गुरूंनी ती धून लावायला सांगितली. ती लागेना. डिस्कच्या सुरुवातीला साठवलेले काहीच उघडेना. शिष्याने जाणत्या लोकांकडे धावाधाव केली, तेव्हा कारण कळले. डिस्क मोठी होती, पण तो कॉम्प्युटर ज्या मदरबोर्डवर चालत होता तो जुन्या काळचा. त्याला एका ठरावीक आकड्यापर्यंतच मोजता येत होते. स्कूटरच्या मीटरवर सगळे नऊ झाले की पुन्हा शून्ये येतात, तशी त्याची मोजणी त्या आकड्यापुढे शून्यावर येई, आणि नवे ते थेट पहिल्या जागेवर लिहिले जाई. पहिल्या जागेवर ती धून होती. नुसते पुसलेले एखादे वेळी परत मिळते, पण ज्याच्यावर दुसरे लिहिले गेले ते मिळत नाही.

शिष्याला अन्न गोड लागेना. गुरू मात्र त्याला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्याला त्याचेच अधिक वाईट वाटत होते.

खंडेनवमी आली. पाटावर सनया, सूरपेटी आणि संबळ पूजेला मांडले होते. गुरूंनी तो कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने पुसला, वाद्यांच्या रांगेत ठेवला आणि त्याला झेंडूचे फूल वाहिले. शिष्याला राहवले नाही.

"गुरुजी, याने तुमच्या गुरूंची धून खाल्ली. आणि याला फूल?"

"त्याने काय केले रे?" गुरू म्हणाले. "त्याच्या आवाक्यात होते तेवढे त्याने इतकी वर्षे नीट सांभाळले. तुला किती झेपते, हे न विचारता आपण त्याला वाढत गेलो. त्याला नाही म्हणता आले नाही, एवढाच त्याचा दोष."

त्यांनी पाटावरच्या सनईलाही एक फूल वाहिले. "माझेही तसेच झाले आहे. तुम्ही मुले रोज नवे मागता, हे बसवून द्या, ते ऐकून घ्या. मीही हो म्हणत गेलो. या वयात अजून जमते म्हणून मिरवायला कोणाला आवडत नाही? काल ती धून वाजवायला बसलो. अर्ध्यावर आलो, आणि पुढे तुमच्याच कार्यक्रमातली एक चाल वाजू लागली. पुन्हा पुन्हा तेच. मूळचे कुठे गेले, मला सापडत नाही."

शिष्याने मान खाली घातली. "मी विचारायला हवे होते."

"काय? कॉम्प्युटरला झेपेल का, ते?"

"नाही गुरुजी. तुम्ही 'घे' म्हणत होता, तेव्हा मी बसायला हवे होते."

"हो," गुरू म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितले नाही. "आता बस. उरली आहे तेवढी घे."

पूजेला मांडलेले वाद्य दसऱ्यापर्यंत उचलायचे नाही, असा त्या घराचा रिवाज होता. गुरूंनी त्या दिवशी तो मोडला. पाटावरची सनई त्यांनी हळद-कुंकवासकट उचलली आणि शिष्य समोर बसला.

त्यालाही आता बरीच वर्षे झाली. गुरू नाहीत. शिष्य स्वतः शिकवतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला इतर काही देण्याआधी ती धून देतो. एका जागी तो सनई ओठांवरून काढतो. समोरचा विद्यार्थी पुढचे ऐकायला थांबून राहतो आणि मग विचारतो, "गुरुजी, पुढे?"

"पुढे होते," तो सांगतो. "मी उशिरा बसलो."