मंगळवारचे पंखे

कागलच्या पंख्याच्या कारखान्यात कुमुदिनी चौगुले सामानाची कोठी सांभाळत. एके दिवशी नवे मॅनेजर दिघावकर सगळ्यांसमोर गरजले, "कॉम्प्युटर सांगतोय, वीस पंखे सुटे केले. मग त्यांची साठ पाती कोठीत का नाहीत? कॉम्प्युटर चुकत नसतो. पाती आणा, नाहीतर राजीनामा द्या!"

कुमुदिनीबाईंनी पडद्यावरच्या नोंदी सावकाश वाचल्या.

"साहेब, हे वीस पंखे जोडले बुधवारी, आणि सुटे केले त्याच्या आदल्या मंगळवारी. न जोडलेला पंखा सुटा कसा करायचा, तेवढं दाखवा. पाती लगेच आणते."

कामगार खो खो हसले. कुणीतरी विचारलं, "मंगळवारची नोंद केली कुणी?"

दिघावकरांनी घाईघाईनं पडदा बंद केला, पण तोवर त्या नोंदीखालचं त्यांचं नाव सगळ्यांनी वाचलं होतं.